मांडवगडचे पाणी

माळव्यात वास्तव्य केलेल्या मराठी माणसाला मांडवगड अपरिचित नाही. धारपासून दक्षिणेस विंध्याच्या कड्यावर वसलेले हे उजाड नगर वर्षाकाळी पाहावे, असा प्रघातच पडून गेला आहे. रूपमती आणि बाजबहादूर यांची प्रेमकथा ऐकावी, जहाजमहालाच्या गच्चीवरून मेघ पाहावेत आणि परतावे. परंतु ज्या प्रश्नावर या नगराचे अस्तित्व अवलंबून होते, तो प्रश्न फार थोडे प्रवासी विचारतात. एवढ्या उंचीवर, जेथे एकही नदी नाही, तेथे राजधानीने प्यावे काय?

मांडवगडचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फूट उंच आहे. काकरा खोह नावाच्या खोल दरीने ते मुख्य माळव्यापासून तोडले आहे. दक्षिणेस कडा तुटून निमाडचे मैदान लागते आणि त्यापलीकडे नर्मदेची रेघ दिसते. शत्रूला दुर्गम अशी ही जागा पाण्यालाही दुर्गमच होती. नर्मदा दिसे, पण तिचे पाणी वर येणे शक्य नव्हते. म्हणून आकाशातून चार महिने जे पडेल तेच साठवावे आणि आठ महिने पुरवावे, एवढा एकच मार्ग होता.

माळव्याचा सुलतान होशंगशाह घोरी (१४०६-१४३५) याने धारची राजधानी येथे आणली. त्याच्यामागून आलेल्या खलजी सुलतानांच्या काळात नगर भरभराटीस पोहोचले आणि 'शादियाबाद' म्हणजे आनंदनगरी हे त्याचे नाव सार्थ झाले. या आनंदाचा पाया पाण्यावर होता. मुंज तलाव, कपूर तलाव, सागर तलाव, दक्षिण टोकाचा रेवाकुंड, उजाली आणि अंधेरी या विहिरी, चंपा बावडी अशी जलस्थाने पठारभर विखुरलेली आहेत. अंधेरी बावडीवर घुमटाचे छत घालून ती झाकलेली आहे. झाकलेले पाणी उन्हाने कमी आटते आणि कचऱ्यापासून वाचते. चंपा बावडीच्या पोटात तळघरे काढलेली असून पाण्याच्या गारव्याने ती ग्रीष्मातही शीतल राहत.

जहाजमहालाचे उदाहरण सविस्तर पाहण्याजोगे आहे. ही इमारत सुमारे ४०० फूट लांब आणि ५० फूट रुंद असून मुंज आणि कपूर या दोन तलावांच्या मध्ये उभी आहे. पावसात दोन्ही बाजूंनी पाणी चढले की ती नांगर टाकलेल्या जहाजासारखी दिसते. हे सौंदर्य सर्वांनी वाखाणले आहे. मात्र तिची गच्ची हीही एक पाणी गोळा करण्याची जागाच आहे. एवढ्या क्षेत्रावर एक इंच पाऊस पडला, तर सुमारे सत्तेचाळीस हजार लिटर पाणी जमते. ते सरळ खाली न सोडता दगडात कोरलेल्या, गोगलगाईच्या शंखासारख्या वळणावळणाच्या पन्हळींतून कुंडाकडे नेलेले दिसते. वळणांमुळे पाण्याचा वेग मोडतो. वेग मोडला की गाळ मागे राहतो आणि निवळलेले पाणी पुढे जाते. अशीच नागमोडी पन्हळ नीलकंठ महादेवाच्या प्रांगणातही आहे. अकबराच्या काळात शाह बुदाग खान याने बांधलेला तो विलासमहाल. आज तेथे शिवाची पूजा होते.

दक्षिणेकडे रेवाकुंडाचे पाणी उपसून उंच कमानींवरील पाटाने बाजबहादूरच्या महालातील हौदात नेलेले होते. रूपमतीच्या भक्तीमुळे नर्मदा या कुंडात प्रकटली, अशी लोककथा आहे आणि नर्मदेची परिक्रमा करणारे आजही येथे येतात. कथेतील श्रद्धेला बाध न आणता एवढे म्हणता येईल की, जे पाणी खालून वर येणे अशक्य होते, ते वरून आलेल्या पाण्यात लोकांनी पाहिले.

परंतु मांडवगडच्या इतिहासातील बोधप्रद प्रकरण वैभवाचे नसून टंचाईचे आहे. १५६१ मध्ये मोगलांनी माळवा घेतला. राजधानीपण गेले, वस्ती विरळ झाली. पुढे जहांगीर बादशहाने येथे मुक्काम करण्याचे ठरविले. त्याच्या आज्ञेवरून अब्दुल करीम नावाच्या अधिकाऱ्याने जुन्या सुलतानांच्या इमारती दुरुस्त केल्या. त्या कामी सुमारे तीन लक्ष रुपये खर्च झाल्याचे बादशहाने स्वतःच्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. मार्च १६१७ मध्ये बादशहा दाखल झाला. सोबत आलेला इंग्रज वकील सर टॉमस रो याची रोजनिशी मात्र दुसरेच चित्र दाखविते. फौज आणि लवाजमा एवढा की पाणी पुरेना. जी स्थाने हाती होती, ती थोरामोठ्यांच्या ताब्यात गेली. परक्या देशाच्या वकिलासही दुसऱ्या एका सरदाराच्या झऱ्यावरून रोजच्या मोजक्या खेपा मिनतवारीने मिळवाव्या लागल्या. पुढे पावसाळा आला आणि त्याच बादशहाने मांडवगडच्या हिरवाईची मुक्तकंठाने स्तुती केली. डोंगर तोच आणि पाऊसही तोच! साठवण मोजक्या वस्तीसाठी आखलेली होती आणि तिची निगा राखणारे नगर विरून गेले होते. महाल तीन लक्षांत उभे राहिले. पण उन्हाळ्याच्या तोंडावर अकस्मात आलेल्या सहस्रावधी माणसांना पुरेल एवढे पाणी पैसे मोजून निर्माण करता येत नाही. ते मागील पावसाळ्यातच राखावे लागते.

ही गोष्ट मराठी राज्यकर्त्यांना अपरिचित नव्हती. सह्याद्रीचे गड याच कोड्यातून उभे राहिले होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त (सुमारे १७१५) दुर्गरचनेचा विचार करताना पाण्याला अग्रस्थान दिले आहे. गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे. पाणी नसून स्थळ बांधणे अवश्यच असेल, तर खडक फोडून टाकी बांधावी. झरा आहे म्हणून त्यावर निश्चिंत राहू नये, कारण तोफांच्या दणक्याने झरे आटतात. यास्तव राखीव साठा करून तो जपावा, असा त्याचा आशय आहे. त्यानंतर थोड्याच वर्षांत, नोव्हेंबर १७२८ मध्ये, चिमाजी अप्पांच्या फौजा नर्मदा ओलांडून माळव्यात चढल्या. अमझेऱ्याच्या लढाईत मोगल सुभेदार गिरिधर बहादूर पडला आणि कालांतराने धारप्रांतासह मांडवगड पवारांच्या सत्तेखाली आला. १९४८ पर्यंत तो धार संस्थानात होता. गुलाम यझदानी यांचा मांडूवरील प्रसिद्ध ग्रंथ १९२९ मध्ये धार संस्थानासाठीच छापला गेला.

पवारांचीच दुसरी शाखा देवासला नांदली. ज्या माळव्यात पावलोपावली पाणी म्हणून लोकांनी अभिमान बाळगला, त्याच माळव्यातील देवास शहराला १९९० मध्ये रेल्वेने पाणी आणावे लागले. विहिरी-तलावांकडे पाठ फिरवून कूपनलिकांनी भूगर्भ उपसला, त्याचे हे फळ होते. परंतु देवासने त्यातून धडाही घेतला. छपरावरचे पाणी गोटे-वाळू भरलेल्या नळीतून गाळून कूपनलिकेत सोडण्याची साधी रचना तेथे रूढ झाली आणि 'देवास फिल्टर' याच नावाने ती अन्यत्रही गेली. २००६ पासून त्या जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी शेतोशेती तळी खोदली. जहाजमहालाच्या पन्हळीने वळणे घेऊन जे साधले, तेच देवासच्या नळीने गोट्यांतून साधले: आधी पाणी थोपवावे, मग निवळू द्यावे आणि मगच साठवावे.

आपण मराठी माणसे आज भारतभर जेथे जेथे स्थिरावलो आहोत, तेथील पाण्याचा वारसाही आपलाच आहे. तो आपण निर्माण केला नाही. आपल्याआधी तेथे राहिलेल्यांनी तो आपल्या हाती दिला. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक इंच पाऊस पडला, तरी २,३०० लिटरांहून अधिक पाणी जमते. ते गटारात जाऊ द्यावे की जमिनीत मुरवावे, याचा निर्णय घेण्यास बादशाही खजिना लागत नाही. ज्या गावाने आपल्या मंडळाला पन्नास वर्षे पाणी पाजले, त्या गावातील जुने कुंड, बावडी, तलाव यांची माहिती गोळा करावी. मृग निघण्यापूर्वी गच्ची झाडून, पन्हळी मोकळ्या करून ठेवाव्यात. पुढील सुवर्णमहोत्सव साजरा करणाऱ्यांसाठी एवढी ठेव ठेवणे आपल्या आवाक्यातले आहे.