जुनं आउटबोर्ड इंजिन दुरुस्त करावं की भंगारात द्यावं? आधी हे तपासा

करमाळा तालुक्यात, उजनीच्या बॅकवॉटरला माझ्या मामांचं गाव आहे. मासेमारीची फायबरची होडी आणि तिला मागे अडकवायचं दोन सिलिंडरचं, ९.९ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन. वर इंजिन, खाली लांब पाय आणि पाण्यात पंखा, अशी त्याची रचना. चार वर्षं ते पोत्याखाली पडून होतं. या उन्हाळ्यात कोकणातून आलेल्या एकाने तसंच, पण नवा रंग मारलेलं इंजिन दाखवलं. पहिल्या दोरीला चालू झालं. मामा म्हणाले, "आपलं भंगारात देतो, हेच घेतो. तू इंजिनियर हायस ना, ये बघायला." मी सॉफ्टवेअरवाला आहे, हे आमच्याकडे कुणी मनावर घेत नाही. सोलापूरहून गेलो.

विषय फक्त पैशांचा नव्हता. २१ मे २०२४ ला कुगाव-कळाशी मार्गावरची प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण गेले. तिथे कारण वारा होतं, इंजिन नव्हे. पण मेच्या वाऱ्यात मधोमध इंजिन बंद पडलं तर होडी लाटेला आडवी होते, हे मामींना कुणी समजावून सांगावं लागत नाही.

"चालू होतंय" याला फसू नका

चांगलं इंजिन साध्या कारणाने बंद असू शकतं: जुनं पेट्रोल, तुंबलेला कार्बोरेटर, खराब प्लग. आणि झिजलेलं इंजिन विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवलं असेल, तर झटक्यात सुरू होतं. म्हणून गेल्या गेल्या इंजिनला हात लावा. गार हवं.

मग दोन्ही प्लग काढा आणि वरचं चाक हाताने फिरवून बघा. जाम असेल तर जोर लावू नका. प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडा, एक-दोन दिवस थांबा. फिरलंच नाही तर खर्च वाढला असं समजा.

फिरलं तर कॉम्प्रेशन मोजा. पिस्टन हवा किती दाबतो, ते हा आकडा सांगतो. गेज मोटारसायकलच्या गॅरेजमधून मागून आणता येतं. प्लगच्या वायरी इंजिनच्या धातूला टेकवून ठेवा, थ्रॉटल पूर्ण उघडा, चार-पाच वेळा दोरी ओढा. अशा छोट्या टू-स्ट्रोकला साधारण शंभर पीएसआयच्या आसपास किंवा वर आकडा हवा. पण त्याहून महत्त्वाचा दोन सिलिंडरमधला फरक: तो दहा टक्क्यांच्या आत हवा. मामांच्या धूळ खाल्लेल्या इंजिनला ११० आणि १०५ आलं. रंगवलेल्याला ११५ आणि ७०! मोबाइलला जोडायचा छोटा एंडोस्कोप कॅमेरा प्लगच्या भोकातून आत सोडला, तर त्या ७० वाल्या सिलिंडरवर उभे ओरखडे स्पष्ट दिसले. विकणाऱ्याला स्क्रीन दाखवली, तो काहीच बोलला नाही.

खालचा पाय

पायाच्या तळाचा स्क्रू सैल करून गिअर ऑइलचे चार थेंब बोटावर घ्या. दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय, म्हणजे सील बदलावं लागेल. हा खर्च परवडणारा आहे. धातूचे तुकडे आले तर गिअर गेले, आणि ते महाग. समुद्रात चाललेल्या इंजिनमध्ये अजून एक दुखणं असतं: खाऱ्या पाण्याने अॅल्युमिनियमच्या बॉडीत स्टीलचे बोल्ट अक्षरशः चिकटून बसतात. काढायला गेलं की तुटतात आणि अर्ध्या तासाचं काम दोन दिवसांचं होतं. उजनीचं पाणी गोडं, म्हणून मामांच्या इंजिनचे बोल्ट निघाले. ऑइल मात्र दुधाळ होतं.

पार्ट मिळतात का?

क्लॅम्पजवळच्या पट्टीचा फोटो काढा. त्यावरच्या मॉडेल नंबरने पार्टची आकृती ऑनलाइन शोधा आणि इम्पेलर, कार्बोरेटर किट, सील मिळतात का ते पैसे देण्याआधी फोनवर विचारा. कंपनी मोठी आहे एवढ्यावर विसंबू नका. एविनरूडसारख्या जुन्या, नावाजलेल्या ब्रँडचं उत्पादन २०२० मध्ये बंद झालं.

वरच्या भागासाठी मेकॅनिकची फार चिंता नको. आरएक्स १०० उघडणारा जुना मिस्त्री टू-स्ट्रोक ओळखतो. पाण्याचा पंप त्याला नवा असतो, एवढंच.

माझा हिशोब असा: सगळे पार्ट आणि मजुरी मिळून, तशाच चालू सेकंडहँड इंजिनच्या निम्म्या किमतीवर जात असेल तर सोडून द्या. आणि रबरी नळ्या जुन्या असतील तर बदलाच. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते जुनं रबर खराब करतं आणि ओलावा ओढतं, म्हणून टाकीत महिनोन्महिने पेट्रोल ठेवू नका.

आम्ही मामांचंच इंजिन केलं. सील, इम्पेलर, प्लग, नळ्या, कार्बोरेटर साफ. उघड्यावर पाण्याने भरलेल्या बॅरलमध्ये लावून सुरू केलं (कोरडं चालवलं तर इम्पेलर मिनिटाभरात जळतो). अकराव्या दोरीला धूर आला, मग मागून थंड पाण्याची बारीक धार. ती धार दिसेपर्यंत कुणी बोललं नाही.

आठवडाभर काठाजवळच चालवलं, मग मामा लांब गेले. होडीत लाइफ जॅकेट आणि वल्ही अजून आहेत. मामी काढू देत नाहीत.