खंड्याची जहागीर आणि आपल्या राखणदाराची भाकर



आज खत-फवारणी बाजूला ठेवू. थोडा इतिहास बघू, पण तो आपल्या बांधावरचाच आहे. विषय आहे कामाच्या कुत्र्याचा.

परदेशात काही कुत्रे-पैदासकार पिल्लू विकताना करारातच लिहून ठेवतात की, घेणाऱ्यानं ते शिकवलं, कामाच्या परीक्षेला उतरवलं आणि त्यानं किताब मिळवला, तर किमतीतले काही पैसे परत मिळतील. ऐकायला उलटंच वाटतं. माल विकून झाल्यावर पैसे परत कोण देतो? पण त्यात हिशेब पक्का आहे. पिल्लानं काम करून दाखवलं की त्याच्या आईबापाची लायकी सिद्ध होते आणि पुढच्या वेताला गिऱ्हाईक आपोआप येतं. म्हणजे बक्षीस एका कुत्र्याला नसतं, त्याच्या वंशात काम टिकून आहे याच्या पुराव्याला असतं.

आपल्याकडं असं काही होतं का? शोधलं तर बरंच सापडतं. फक्त पैसा कशासाठी दिला गेला, ते प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे. आणि गंमत अशी, की ज्यासाठी पैसा दिला तेच वाढलं.

पहिला किताब: साताऱ्याचा खंड्या

कुत्र्याला किताब आणि वर उत्पन्न, याचं आपल्या मुलखातलं सगळ्यात नावाजलेलं उदाहरण छत्रपती शाहू महाराजांच्या काळातलं आहे. महाराजांचं निधन 1749 सालचं, म्हणजे गोष्ट त्याआधीची. शिकारीत वाघानं हल्ला केला तेव्हा त्यांच्या लाडक्या कुत्र्यानं जीव वाचवला. महाराजांनी त्या कुत्र्याच्या नावानं जहागिरीची सनद काढली आणि त्याला पालखीचा मान दिला. ग्रँट डफ हा इंग्रज अधिकारी पुढं साताऱ्याला होता. त्यानं 1826 साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात ही नोंद केली आहे. लोक या कुत्र्याला खंड्या म्हणतात. साताऱ्याजवळ संगम माहुलीला त्याची समाधी दाखवतात.

ग्रँट डफनं हा राजाचा लहरीपणा म्हणून लिहिला. मला मात्र त्यात शेतकऱ्याच्या कामाची एक गोष्ट दिसते. मान मिळाला तो कामाला. रंग, कान, शेपूट बघून सनद निघाली नाही. पण उणीवही तिथंच आहे. सनद एकाच कुत्र्यापुरती राहिली. त्याची आई कोणती, भावंडं कुठं गेली, तसली पिल्लं आणखी कोणाकडं आहेत, हे कुणी विचारलं नाही. कुत्रं गेलं, समाधी राहिली. वंशाचं काय झालं, ते कुठंच लिहिलेलं नाही.

लांडग्यावर इनाम, कुत्र्याला भाकर

पुढं इंग्रज आले. त्यांनी पैसा लावला तो लांडगा मारण्यावर. मेलेलं जनावर दाखवा आणि इनाम घ्या. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या मांडणीनुसार 1875 ते 1925 या पन्नास वर्षांत इनामासाठी मारलेल्या लांडग्यांचा आकडा दोन लाखांच्या घरात जातो. हा ब्रिटिश हिंदुस्थानचा हिशेब. आपलं औरंगाबाद तेव्हा निजामाकडं होतं. पण धोरण ध्यानात घेण्यासारखं आहे. मेंढरं वाचवायची होती, तर पैसा मारणाऱ्याला गेला. रात्रभर वाघरीभोवती फिरून लांडगा लांब ठेवणाऱ्या कुत्र्याच्या वाट्याला काही आलं नाही. मेलेला लांडगा मोजता येतो. न आलेला लांडगा कसा मोजणार?

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं लांडग्याला वरच्या दर्जाचं संरक्षण मिळालं, आणि ते योग्यच झालं. माळरान लांडग्याचंही आहे. पण आता मेंढपाळाच्या हातात उरलं काय? काठी, बॅटरी आणि कुत्रं. मेंढरू मेल्यावर पंचनामा होतो, कागद होतात, भरपाई मिळते. मेंढरू मरूच नये म्हणून जे कुत्रं जागतं, त्याच्या नावानं आजही एक रुपया कुठल्या खात्यातून निघत नाही.

1873: एकाच वर्षी दोन वाटा

आता जरा विलायतेत डोकावू. 1859 साली इंग्लंडात न्यूकॅसलला कुत्र्यांचं पहिलं मोठं प्रदर्शन भरलं. फक्त शिकारी जाती होत्या आणि बक्षीस म्हणून बंदुका दिल्या. म्हणजे सुरुवात कामाच्या कुत्र्यांपासूनच झाली, पण बघितलं जायचं ते रूप आणि बांधा. 1873 च्या एप्रिलमध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाला आणि वंशावळीच्या वह्या सुरू झाल्या.

त्याच वर्षी ऑक्टोबरात वेल्समधल्या बाला या गावी दुसरंच काहीतरी झालं. तिथल्या एका जमीनदारानं मेंढपाळांना कुत्री घेऊन बोलावलं. मेंढरं सोडली आणि सांगितलं की, कुत्र्याकडून ती वळवून आणून दाखवा. दहा कुत्री उतरली. जिंकला वेल्समध्ये राहणारा एक स्कॉटिश मेंढपाळ. कुत्र्याचं नाव ट्वीड. तिथून कामाच्या परीक्षांची परंपरा सुरू झाली आणि 1906 साली मेंढपाळांची आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. आज जगभर नावाजलेलं बॉर्डर कोली घडलं ते याच परीक्षांतून. त्या संस्थेत वंशावळीचा कागद नसलेलं कुत्रंसुद्धा काम दाखवून नोंदवहीत जाऊ शकतं.

एका वाटेनं देखणी कुत्री वाढली, दुसऱ्या वाटेनं कामाची.

मुधोळ: राजा गेला, पिल्लं राहिली

आपल्या सीमेलगत मुधोळ हे घोरपडे घराण्याचं मराठा संस्थान होतं. आज ते कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात आहे. तिथल्या राजांनी दख्खनच्या लांब, सडपातळ, वाऱ्यासारख्या पळणाऱ्या कुत्र्यांची निवडून पैदास केली आणि इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज यांना जोडी भेट दिली. तेव्हापासून मुधोळ हाउंड हे नाव पडलं. आपल्याकडं लातूर-सोलापूर पट्ट्यात याच घडणीच्या कुत्र्याला कारवान म्हणतात. केसाळ असेल तर पश्मी.

संस्थान विलीन झालं, राजाश्रय संपला. पुढं 1972 च्या कायद्यानं ससा धरणंही गुन्हा ठरलं. म्हणजे ज्या कामासाठी हे कुत्रं घडवलं, ते कामच गेलं. मग जात टिकली कशी? पिल्लांच्या विक्रीवर. मुधोळजवळ तिम्मापूरला पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र झालं, गावोगावची कुटुंबं पिल्लं वाढवू लागली. 2005 साली टपाल तिकिटावर हे कुत्रं आलं. 2016 साली लष्करानं मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणासाठी पिल्लं नेली. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोनं राजापलायम आणि चिप्पीपराईसोबत मुधोळ हाउंडचीही देशी जात म्हणून नोंद केली.

हे सगळं चांगलंच झालं. गरीब घराला जोडधंदा मिळाला. पण पैसा पिल्लावर आहे, कामावर नाही. पिल्लू डौलदार दिसलं की विकलं जातं. ते पुढं राखण करतं का, हे विचारायला कुणी परत येत नाही.

बैलाकडून शिकावं

आपल्याला हे गणित बैलामुळं चांगलं ठाऊक आहे. शर्यतीत हिंदकेसरी ठरलेल्या खिल्लाराची किंमत काय होते, ते सांगायला नको. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या तेव्हा खिल्लार पाळणाऱ्यांची ओरड हीच होती, की किताब गेला तर गोऱ्हा सांभाळणार कोण? 16 डिसेंबर 2021 ला अटींवर परवानगी मिळाली, 18 मे 2023 ला घटनापीठानं कायदा मान्य केला, आणि खिल्लाराला पुन्हा भाव आला. पण वेगासाठी निवडलेला बैल नांगराला तसाच चालेल असं नाही. पैसा वेगावर लागला की वेग वाढतो.

देशी गायी-म्हशी सांभाळणाऱ्यांसाठी केंद्र सरकारचा गोपाल रत्न पुरस्कार आहे. पहिल्याला पाच लाख, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन. देवणी, लाल कंधारी सांभाळणाऱ्या आपल्या मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला त्यात दार उघडं आहे. कुत्र्यासाठी तसं दार नाही.

नाही म्हणायला एक जागा आहे, आणि ती आपल्या मराठवाड्यातच आहे. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा. मार्गशीर्षात भरते. घोडे, गाढवं, उंट, बैल, सगळा बाजार. तिथं जिल्हा परिषदेच्या वतीनं पशुप्रदर्शनाबरोबर अश्व, श्वान आणि कुक्कुट प्रदर्शनही भरतं आणि बक्षिसं वाटतात. खंडोबाच्या दारी कुत्र्याला मान, हे आपल्या परंपरेला धरूनच आहे. पण प्रदर्शन म्हणजे शेवटी उभं करून बघणं. लांडगा येतो रात्री दोनला. त्या वेळेला परीक्षक नसतो.

आमच्या शिवारात

चिकलठाण्याचं शिवार आता किती उरलं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतंच. एकीकडं विमानतळ, एकीकडं एमआयडीसी, मधून जालना रोड. तरी सुगी झाली की रानात मेंढ्या बसवणारे अजून येतात. खतासाठी वाडा बसवायचा, त्याचे पैसे किंवा धान्य द्यायचं, आणि कुत्र्यांची भाकर वेगळी. ही वेगळी भाकर म्हणजेच आपल्याकडची कामाच्या कुत्र्याची मजुरी. कुठल्या कागदावर नाही, पण कुणी चुकवतही नाही.

माझ्याकडची तांबडी अशाच एका वाड्यातल्या कुत्रीची लेक. आठ वर्षं झाली, मक्याला आणि हरभऱ्याला जागल तीच करते. रानडुक्कर बांधावर आलं की तिचा आवाज वेगळा, माणूस आला की वेगळा. शेरडात मोकळी सोडली तरी करडाला तोंड लावत नाही. तिची पिल्लं फुकट देतो म्हटलं तरी शेजारचे घेत नाहीत. तेच लोक शहरातून दहा-बारा हजाराचं जर्मन शेफर्ड आणतात आणि उन्हाळ्यात त्याच्यासाठी कूलर लावतात. त्यांचंही चूक म्हणता येत नाही. त्या पिल्लासोबत कागद असतो. तांबडीच्या आठ वर्षांच्या रात्रींचा कागद कुणाकडंच नाही.

यात जे जातंय ते एका कुत्रीपुरतं नाही. वाडे कमी झाले, रस्त्यावर गाड्यांखाली कुत्री मरतात, उरलेल्यांचा भटक्यांशी संकर होतो. धनगरांनी पिढ्यान् पिढ्या निवडून ठेवलेला स्वभाव, म्हणजे मेंढराला न चावणं, वाडा न सोडणं, अनोळख्यावर भुंकणं पण विनाकारण न तोडणं, हा असा न मोजता संपून चालला आहे. एकदा गेला की विकत मिळणार नाही.

मग करावं काय?

मोठ्या रकमेची मागणी मी करणार नाही. मोठी रक्कम आली की खोटे कागद येतात आणि पिल्लांचे कारखाने निघतात. मला सुचतं ते एवढंच.

एक, माळेगावसारख्या यात्रेत देखणेपणाच्या बक्षिसाशेजारी कामाचं एक बक्षीस ठेवावं. परीक्षा साधी असावी. कुत्रं मेंढरांत मोकळं सोडायचं, ते मेंढरामागं पळतं का बघायचं. मालकानं हाक मारल्यावर येतं का बघायचं. अनोळखी माणूस वाड्याजवळ गेला तर काय करतं, ते बघायचं.

दोन, रेबीजची लस टोचलेली असल्याशिवाय परीक्षेत प्रवेश नाही. म्हणजे बक्षिसाच्या निमित्तानं गावातली लस पूर्ण होईल. माणसांच्या जिवासाठी तेवढं एक कारण पुरेसं आहे.

तीन, बक्षिसाचा काही वाटा जिंकणाऱ्या कुत्र्याची आई ज्याच्याकडं आहे त्याला जावा. खंड्याच्या जहागिरीत जे राहून गेलं, ते इथं भरून निघेल. वंश सांभाळणाऱ्याला कळेल की त्याच्या निवडीला मोल आहे.

चार, जात नाही तर काम नोंदवावं. पशुवैद्यकीय दवाखान्यात एक वही पुरेल. कुत्र्याचं वय, आई कोणाकडची, काय राखतं, लस कधी दिली, एवढे चार रकाने.

पशुवैद्यक आणि कृषी विद्यापीठातली मंडळी हे पान वाचतात. त्यांनी यात काय कमी-जास्त ते सांगावं. आणि तुमच्या वाड्यावर, बांधावर असं खरं काम करणारं कुत्रं असेल तर आजच त्याच्या आईचं गाव आणि जन्माचा महिना कुठंतरी लिहून ठेवा. पेरणीच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं तरी चालेल. पुढच्या वेताला पिल्लू मागायला कुणी आलं, तर तुमच्याकडं दाखवायला निदान एक ओळ असेल.