काडतूस पुनर्भरण

काडतूस पुनर्भरण म्हणजे एकदा उडवलेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी स्वच्छ करून तिच्यात नवी टोपी, दारू आणि गोळी बसवून ती पुन्हा वापरण्याजोगी करणे होय. अमेरिकेसह काही देशांत रिव्हॉल्व्हर व पिस्तुलाने लक्ष्यवेध करणारे नेमबाज हा छंद म्हणून जोपासतात. भारतात मात्र काडतूस बनवणे ही स्वतंत्र परवान्याची बाब असून अशा परवान्याविना घरी पुनर्भरण करणे हा गंभीर गुन्हा आहे.

काडतुसाचे घटक

रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाचे चार भाग असतात : पुंगळी, टोपी, दारू आणि गोळी. घोड्याचा आघात टोपीवर होताच तिच्यातील संवेदनशील मिश्रण पेटते, त्याची ज्वाला पुंगळीच्या तळाच्या छिद्रातून दारूपर्यंत पोहोचते आणि निर्माण झालेला वायू गोळीला नळीतून बाहेर ढकलतो. या चारांपैकी केवळ पुंगळीच मागे उरते. काडतुसाच्या किमतीचा मोठा वाटा पुंगळीचा असल्याने तिचा पुनर्वापर काटकसरीचा ठरतो.

टोपी बसवण्याचे दोन प्रकार प्रचलित आहेत. ब्रिटिश लष्करी अधिकारी एडवर्ड बॉक्सर यांच्या रचनेत पुंगळीच्या तळाला मध्यभागी एकच छिद्र असते, त्यामुळे वापरलेली टोपी सुईसारख्या दांडीने आतून ढकलून काढता येते. अमेरिकन हायरम बर्डन यांच्या रचनेत छिद्रे बाजूला असतात व टोपी काढणे अवघड जाते. पुढे ब्रिटिश रचना अमेरिकेत आणि अमेरिकन रचना युरोपात अधिक रुजली. अमेरिकेत पुनर्भरणाचा छंद फोफावण्यामागे हेही एक कारण आहे.

पॉइंट २२ च्या काडतुसात टोपी वेगळी नसते, तर ज्वालाग्राही मिश्रण पुंगळीच्या कडेतच भरलेले असते. आघाताने ती कड चेपली जाते. म्हणून हे काडतूस व्यवहारतः एकदाच वापरता येते.

इतिहास

तोंडाकडून भरायच्या बंदुकीच्या काळात प्रत्येक बार हातानेच भरावा लागे. कागदी काडतूस दातांनी फाडून दारू नळीत ओतली जाई. १८५७ मध्ये एनफिल्ड बंदुकीच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून पसरलेला असंतोष याच पद्धतीशी निगडित होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पितळी पुंगळी सर्वत्र रूढ झाली आणि पुनर्भरण शक्य झाले. १८८४ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल व्हिएय यांनी धूरविरहित दारू तयार केली. ही दारू काळ्या दारूहून कितीतरी प्रभावी असल्याने तिचे माप अधिक काटेकोर ठेवणे भाग पडले. दुसऱ्या महायुद्धानंतर शिल्लक लष्करी दारू बाजारात आल्यावर अमेरिकेत हा छंद घरोघरी पोहोचला.

प्रक्रिया

जेथे कायद्याने मुभा आहे तेथे नवशिक्याने एका वेळी एकच काम करणाऱ्या हातयंत्रावर सुरुवात करावी, असा संकेत आहे. पुंगळ्या प्रथम तपासून तडा गेलेल्या वेगळ्या काढतात. बार उडताना पुंगळी किंचित फुगते. तिला पोलादी साच्यातून दाबून मूळ आकारात आणतात आणि त्याच वेळी जुनी टोपी काढतात. त्यानंतर नवी टोपी बसवणे, पुंगळीचे तोंड थोडे रुंदावणे, दारू मोजून भरणे आणि गोळी ठरावीक खोलीपर्यंत बसवणे असा क्रम असतो. शेवटी तोंडाची कड आत दाबतात. रिव्हॉल्व्हरमध्ये या शेवटच्या कृतीला विशेष महत्त्व आहे. एक बार उडाला की धक्क्याने फिरत्या चक्रातील इतर काडतुसांच्या गोळ्या पुढे सरकू पाहतात. एखादी सरकून बाहेर डोकावली तर चक्र अडकते.

दारूचे वजन ग्रेन या एककात मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम. दारूचा प्रकार, गोळीचे वजन आणि काडतुसाची लांबी यांचे मेळ दारू बनवणाऱ्या कंपन्या प्रयोगशाळेत तपासून पुस्तिकेत प्रसिद्ध करतात. त्यांबाहेर जाऊन अंदाजाने भरणे वर्ज्य मानले जाते.

लक्ष्यवेधासाठी सपाट तोंडाची गोळी पसंत केली जाते. तिच्यामुळे कागदी लक्ष्यावर स्वच्छ गोल भोक पडते व गुण मोजणे सोपे जाते. पॉइंट ३२ स्मिथ अँड वेसन लाँग आणि पॉइंट ३८ स्पेशल ही त्यासाठीची परिचित काडतुसे आहेत.

धोके

पॉइंट ३८ स्पेशलची पुंगळी मुळात काळ्या दारूच्या काळातील मापाची आहे. आजच्या दारूचे सौम्य प्रमाण तिचा थोडाच भाग व्यापते, त्यामुळे चुकून दोनदा दारू पडली तरी ती पुंगळीत सहज मावते आणि बाहेरून काहीच कळत नाही. असा बार उडवल्यास चक्र फुटून हाताला व डोळ्यांना इजा होऊ शकते. याउलट दारू पडलीच नाही तर केवळ टोपीच्या जोरावर गोळी नळीत शिरून अडकते आणि पुढचा बार त्या अडथळ्यावर आदळतो. म्हणून गोळी बसवण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत डोकावून पाहणे आणि टेबलावर एका वेळी एकाच प्रकारची दारू ठेवणे हे नियम पाळले जातात. टोप्यांत व गोळ्यांत शिसे असल्याने काम करताना खाणे टाळून नंतर हात धुणे आवश्यक असते.

भारतातील कायदेशीर स्थिती

शस्त्र अधिनियम, १९५९ (पोलिसांच्या व्यवहारात 'भारतीय हत्यार कायदा') यातील कलम ३ शस्त्र व दारूगोळा बाळगण्याच्या परवान्याविषयी, तर कलम ५ त्यांच्या निर्मिती व विक्रीच्या परवान्याविषयी आहे. रिव्हॉल्व्हर बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतुसे बनवण्याचा परवाना नव्हे. अधिनियमाच्या व्याख्येनुसार काडतुसांचे सुटे भाग आणि ती बनवण्याची यंत्रसामग्री यांचाही दारूगोळ्यात समावेश होतो. त्यामुळे परदेशात छंदाचे साधन म्हणून विकले जाणारे यंत्र येथे निरुपद्रवी अवजार ठरत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीस किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षेची तरतूद आहे. दारू व इतर स्फोटकांना स्फोटके अधिनियम, १८८४ देखील लागू होतो. त्याची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे.

परवान्यासाठी सर्वसाधारण किमान वय २१ वर्षे आहे. परवाना जिल्हादंडाधिकारी देतात, तर पोलीस आयुक्तालयाच्या क्षेत्रात हा अधिकार आयुक्तांकडे असतो. मीरा-भाईंदर शहर पूर्वी ठाणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत होते. २०२० मध्ये मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झाल्यापासून तेथील रहिवाशांसाठी हे आयुक्तालय परवाना प्राधिकरण ठरते.

महाराष्ट्रातील नेमबाजी आणि काडतुसे

महाराष्ट्रात काडतूसनिर्मिती हा सरकारी कारखान्यांचा जुना उद्योग आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये, तर जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा कारखाना १९६४ मध्ये स्थापन झाला. खडकीच्या काडतुसांच्या तळावर गावाच्या इंग्रजी नावावरून 'केएफ' ही अक्षरे कोरलेली असतात. २०२१ पासून हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या पुण्यातील सरकारी कंपनीच्या अखत्यारीत आहेत.

क्रीडा म्हणून नेमबाजीचे देशव्यापी संघटन १९५१ मध्ये झाले. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेच्या स्थापनेत लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर यांचा पुढाकार होता आणि त्यांच्या नावाने अखिल भारतीय स्पर्धा भरते. या खेळातील बहुतेक प्रकारांना पुनर्भरणाची गरजच पडत नाही. १० मीटर प्रकारात हवेच्या दाबावर चालणारे पिस्तूल अथवा रायफल असते, तर महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात पॉइंट २२ काडतूस लागते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत याच प्रकारात सुवर्णपदक मिळवले. ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर व्यासाच्या काडतुसांचा २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल हा प्रकार ऑलिंपिकमध्ये नाही. या मोठ्या काडतुसांसाठीही भारतातील नेमबाज परवान्यावर नोंदवलेल्या मर्यादेत तयार काडतुसे विकत घेतात.

मीरा-भाईंदर परिसरातील नवशिक्या नेमबाजासाठी वरळी येथील महाराष्ट्र रायफल असोसिएशनसारख्या मान्यताप्राप्त संस्थेत हवाई पिस्तुलापासून सुरुवात करणे हा रूढ मार्ग आहे. श्वासावरील ताबा, घोडा ओढण्याची रीत आणि शस्त्र हाताळण्याची शिस्त तेथेच अंगवळणी पडते.

हे सुद्धा पहा

नेमबाजी
रिव्हॉल्व्हर
शस्त्र अधिनियम, १९५९
गणेश वासुदेव मावळणकर
राही सरनोबत