कडू कवठाचे तेल

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, कोकणात आणि गोमंतकात, ओढ्याकाठच्या गर्द रानात कडू कवठाचे सदाहरित झाड आढळते. त्याचे फळ गोल व कठीण सालीचे असून आत तेलकट बिया असतात. सुश्रुतसंहितेत पश्चिम समुद्रकाठच्या ‘तुवरक’ वृक्षाच्या बियांचे तेल कुष्ठावर सांगितले आहे; तो वृक्ष हाच, असे सामान्यतः मानले जाते. प्राचीन वैद्य ‘कुष्ठ’ या नावाखाली त्वचेचे पुष्कळ विकार गणीत, एवढे मात्र ध्यानी ठेवावयास हवे.

बंगाल व ब्रह्मदेशाकडे याच कुळातील दुसऱ्या झाडाचे तेल ‘चालमोगरा’ या नावाने विकले जाई. कलकत्त्याचे डॉ. फ्रेडरिक मोआट यांनी १८५४ साली त्यावर लेख लिहिला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिकडे वेधले. कुष्ठरोगाचा जंतू हॅन्सेन यांना १८७३ साली दिसला, तरी पुढे सत्तर वर्षे वैद्यांच्या हाती या तेलाहून बरे असे काही नव्हते.

आणि हे तेल घेणे म्हणजे शिक्षाच होती. पोटात घेतले की भयंकर मळमळ सुटे आणि ओकाऱ्या होत. कित्येक रुग्ण औषध अर्ध्यावर टाकीत. सुईने टोचावे, तर दाट तेल शरीरात जिरत नसे. कातडीखाली गाठी होत, गळवे धरत, वेदना असह्य होत. वनस्पतीचे म्हणून ते निरुपद्रवी होते, असे मुळीच नाही. १९१० साली जर्मनीत हँबुर्गच्या परिसरात याच जातीच्या बियांची चरबी खाण्याच्या मार्गारिनमध्ये मिसळली गेली आणि अनेक लोक आजारी पडले. व्यापारात त्या चरबीला ‘मरट्टी’ म्हणत. मराठीशी या नावाचा काही संबंध नाही. केरळात या झाडाला मरोट्टी म्हणतात, त्याचा तो अपभ्रंश होय.

तेल टोचण्याजोगे करण्याची युक्ती हवाई बेटांतील एका तरुणीला सापडली. ॲलिस बॉल ही कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ तेथील महाविद्यालयात शिकवीत असे. तेलातील आम्लांपासून तिने इथाइल एस्टर तयार केले. ते पातळ असल्याने शरीरात शोषले जाऊ लागले. परंतु १९१६ च्या अखेरच्या दिवशी, अवघ्या चोविसाव्या वर्षी, ती मृत्यू पावली. तिचे संशोधन महाविद्यालयाचे प्रमुख आर्थर डीन यांनी पुढे नेले व प्रसिद्ध केले. त्यात तिचे नाव नव्हते. तिच्याबरोबर काम केलेल्या डॉ. हॉलमन यांनी १९२२ साली या पद्धतीला तिचे नाव दिले, तरी फारसे कोणी ऐकले नाही. हवाई विद्यापीठाने तिच्या स्मृतीचा फलक चालमोगऱ्याच्या झाडाखाली बसविला तो २००० साली.

मग या तेलाने गुण येत असे काय? काहींना येत असे, असे डॉक्टर सांगत. परंतु कुष्ठरोगाचे काही प्रकार आपोआपही मावळतात. त्यामुळे सुधारणा तेलाची की निसर्गाची, याचा निवाडा कधीच नीट झाला नाही. १९४१ साली अमेरिकेत कार्व्हिल येथे प्रोमिन या सल्फोन औषधाचा वापर सुरू झाला. पाठोपाठ डॅप्सोनची स्वस्त गोळी आली आणि तेल मागे पडले. एकट्या डॅप्सोनला जंतू दाद देईनासे झाले, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी १९८१ साली अनेक औषधे एकत्र देण्याची शिफारस केली.

आजही अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला की त्यावर कसले तरी तेल चोळणारे आढळतात. त्याने कातडी मऊ होत असेल. मज्जातंतूंत दडलेले जंतू मरत नाहीत, आणि त्या महिन्यांत बोटांची संवेदना जाऊ शकते. औषधे सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात.