जैवाधारित प्लास्टिकचे पर्यावरणीय परिणाम

जैवाधारित प्लास्टिक म्हणजे खनिज तेल वा नैसर्गिक वायूऐवजी ऊस, मका यांसारख्या पिकांतील साखर किंवा स्टार्चपासून पूर्णतः वा अंशतः तयार केलेले प्लास्टिक. ही संज्ञा केवळ कच्च्या मालाविषयी सांगते. वस्तू कुजते की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. उसाच्या इथेनॉलपासून बनवलेले पॉलिइथिलीन हे नाफ्थ्यापासून बनवलेल्या पॉलिइथिलीनसारखेच असते आणि तितकेच टिकते. उलट, मुख्यतः खनिज तेलापासून बनणारे पीबीएटी हे प्लास्टिक विघटनशील आहे. बाजारात या दोन गुणांची सर्रास गल्लत केली जाते.

निर्मिती

पीक वाढताना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते. त्यामुळे जैवाधारित प्लास्टिकच्या निर्मितीत खनिज इंधनाचा वापर व हरितगृह वायूंचे उत्सर्जन सामान्यतः कमी असते. मात्र नत्रयुक्त खतांतून निघणारा नायट्रस ऑक्साइड, जलाशयांत वाहून जाणारी खते आणि सिंचनाचे पाणी यांचा भार वाढतो. महाराष्ट्रात हा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरतो. पुणे जिल्ह्यातील जेजुरी येथे २०२४ मध्ये प्राज इंडस्ट्रीजचा जैवबहुवारिकांचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू झाला. तेथे पॉलिलॅक्टिक आम्ल (पीएलए) तयार केले जाते. पीएलएसाठी लागणारी साखर उसापासून मिळू शकते, पण उसाला हंगामात सुमारे १५०० ते २५०० मिमी पाणी लागते. जालना जिल्ह्यात वर्षाला सरासरी ७०० मिमीच्या आसपास पाऊस पडतो आणि अंबड, घनसावंगी भागांतील ऊस मोठ्या प्रमाणावर जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर अवलंबून असतो. अशा प्रदेशात कार्बनची बचत पाण्याच्या किमतीवर होऊ शकते. मळी किंवा पिकांचे अवशेष वापरल्यास हा भार कमी होतो.

विल्हेवाट

पीएलएचे विघटन औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पातील सुमारे ५८ अंश सेल्सिअस तापमान, ओलावा व सूक्ष्मजीव यांच्या साहाय्याने होते. घरामागच्या उकिरड्यात किंवा नदीत ही परिस्थिती नसते. जुना जालना आणि नवीन जालना यांच्यामधून वाहणाऱ्या कुंडलिकेसारख्या नदीत पडलेला पीएलएचा पेला दीर्घकाळ साध्या प्लास्टिकप्रमाणेच अडकून राहू शकतो. कचरा डेपोत हवेअभावी कुजणाऱ्या स्टार्चयुक्त प्लास्टिकमधून मिथेन निघण्याची शक्यता असते. शिवाय पीएलए पेटच्या बाटल्यांत मिसळले गेल्यास पुनर्चक्रित मालाचा दर्जा घसरतो. भंगार वेगळे करणाऱ्याला हे दोन्ही डोळ्यांनी ओळखणे अवघड जाते.

कायदेशीर स्थिती

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. तिच्यात रोपवाटिका, फलोत्पादन, शेती व घनकचरा हाताळणी यांसाठीच्या कंपोस्टयोग्य पिशव्यांना सूट होती. केंद्राच्या नियमांनुसार साध्या प्लास्टिक पिशव्यांची किमान जाडी ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन झाली. कंपोस्टयोग्य पिशव्यांना ही अट लागू नाही, परंतु त्यांच्या विक्रीपूर्वी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते.