जुनी गाडी, नवी गाडी आणि लिंबू

२००५ साली गाडीसाठी माझ्याकडे होते जेमतेम ६० हजार. बाबा म्हणाले, "अरे, आमच्या वेळी जुनी गाडी नव्यापेक्षा महाग जायची!" मला वाटलं, थापा मारताहेत. पण खरंच तसं होतं. लायसन्स राजमध्ये फियाटसाठी (१९७४ नंतरची पद्मिनी) नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. ज्याला लगेच हवी, तो जुनीसाठी जास्त पैसे मोजायचा.

इकडे हे चालू असताना अमेरिकेत जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या गाड्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. मुद्दा साधा: गाडीतली खोट विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा सगळ्यांनाच भाव पाडून मागतो. मग चांगल्या गाडीवाला विकतच नाही, आणि बाजारात उरतात 'लेमन', म्हणजे फसव्या गाड्या. तीन नियतकालिकांनी हा निबंध नाकारला होता. २००१ मध्ये अकरलॉफना नोबेल मिळालं!

मी बघत होतो मारुती ८००. डिसेंबर १९८३ मध्ये आलेली ही गाडी एव्हाना इतकी पसरली होती की पार्ट कुठेही मिळायचे. बाबांनी ओळखीचा मेकॅनिक सोबत दिला. तो इंजिन थंड असतानाच सुरू करायला लावायचा. निळसर धूर दिसला की, "चला साहेब, पुढची." दोन सोडल्या, तिसरी घेतली. त्याचे २०० रुपये म्हणजे विकणाऱ्याकडच्या माहितीची किंमत.

२००८ साली रात्री २ वाजता बाबांच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा तीच गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. बाबा वाचले.

असो. जुनी गाडी बघताय? आधी मेकॅनिक शोधा.