घोड्याची भूल आणि त्याचे हृदय

करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या, गादीचे लष्करी सामर्थ्य दीर्घकाळ पागेवर, म्हणजे सरकारी खर्चाने बाळगलेल्या घोडदळावर, आणि स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणाऱ्या शिलेदारांवर उभे होते. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीतही (1894–1922) स्वारी, शिकार आणि घोडागाड्या यांमुळे कोल्हापुरात घोड्याचा मान टिकून राहिला. आजारी घोड्यावर शालिहोत्र, म्हणजे परंपरागत अश्ववैद्यक, जाणणारे लोक उपचार करीत. परंतु डाग देण्यासाठी किंवा खच्ची करण्यासाठी जनावर दोरखंडांनी पाडून, पाय बांधून, शुद्धीतच दाबून धरावे लागे.

एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सन यांनी 1847 मध्ये क्लोरोफॉर्मचा वापर रूढ केल्यानंतर भूल पशुवैद्यकातही आली, आणि 1886 मध्ये परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाल्यावर मुंबई इलाख्यात या शास्त्राचे पद्धतशीर शिक्षण सुरू झाले. क्लोरोफॉर्मने मृत्यू नेमका कसा ओढवतो, यावर मात्र तेव्हा तीव्र मतभेद होते. निजामाच्या आश्रयाने एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने 1888 व 1889 मध्ये हैदराबादेत बसलेल्या आयोगांनी, मुख्यतः कुत्र्यांवर व माकडांवर प्रयोग करून, आधी श्वास थांबतो आणि मग हृदय, म्हणून भूल देणाऱ्याने श्वासावरच लक्ष ठेवावे, असा निर्वाळा दिला. पुढे 1911 मध्ये ए. जी. लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांत हलक्या भुलीतही निलयांचे कंपन, म्हणजे रक्त पुढे न ढकलणारी हृदयस्नायूंची विस्कळीत थरथर, सुरू होऊन मृत्यू येऊ शकतो हे दाखवले, आणि तो निर्वाळा एकांगी ठरला.

घोड्याच्या बाबतीत हृदयाचा प्रश्न अधिकच बिकट आहे. 1956 मध्ये वैद्यकात आलेले हॅलोथेन हे भुलीचे औषध हृदयाचे आकुंचन दुर्बळ करते, त्यानंतरचे आयसोफ्लुरेन रक्तवाहिन्या सैल करून दाब उतरवते, तर गुंगीसाठी दिले जाणारे झायलाझिन मुळातच मिनिटाला 28 ते 44 असलेले ठोके आणखी मंद करते. त्यात घोडा उताणा निजवला की जड आतड्यांचा भार श्वासपटलावर व मोठ्या शिरांवर पडून हृदयाकडे परतणारे रक्त घटते. सरासरी रक्तदाब पाऱ्याच्या 70 मिलिमीटरखाली बराच वेळ राहिल्यास अंगाखाली दबलेल्या स्नायूंना रक्त पुरत नाही आणि शुद्धीवर आलेल्या जनावराला उभे राहता येत नाही. म्हणूनच धमनीत नळी घालून दाब सतत मोजण्याची आणि तो उतरल्यास हृदयाला बळ देणारे डोब्युटामिन शिरेतून सोडण्याची पद्धत रूढ झाली.

41,000 हून अधिक घोड्यांच्या नोंदींवर आधारलेल्या, 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय पाहणीत भुलीनंतरच्या सात दिवसांत मृत्यू पावलेल्यांचे प्रमाण सुमारे 1.9 टक्के आढळले, आणि त्यांपैकी जवळजवळ एकतृतीयांश मृत्यू हृदय बंद पडल्याने किंवा रक्ताभिसरण कोलमडल्याने झाले होते. कोल्हापूर-सांगलीकडे शर्यतीची घोडी आजही जिवापाड जपली जातात. त्यांना भूल देताना नुसत्या श्वासावर विसंबून न राहता हृदय आणि रक्तदाब यांवर अखंड लक्ष ठेवणे ही उपचाराची किमान अट मानली गेली पाहिजे.